उवा: फणी धरावी की औषध आणावं?

शाळा सुरू होऊन महिना झाला की बेळगावकडे हे दृश्य ठरलेलं. पायरीवर आई, खालच्या पायरीवर पोर आणि मांडीवर पांढरं फडकं. दोन वेण्या, एका बाकावर तिघी, डोक्याला डोकं लावून गुजगोष्टी. उवांना आणखी काय पाहिजे? त्या उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत, केसावरून केसावर चालत जातात. केस धुतलेले की मळके, त्यांना दोन्ही सारखेच. तेव्हा शेजारच्या काकूंचं बोलणं मनावर घेऊ नका.

फणीला पैसा कमी आणि वेळ जास्त लागतो. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोपडायचं, कंगव्यानं गुंता काढायचा, मग बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत न्यायची आणि दर खेपेला फडक्यावर पुसायची. कोरड्या केसांत ऊ झटकन निसटते, ओल्या बुळबुळीत केसांत तिला पळता येत नाही. लांब केसांना अर्धा तास सहज जातो. हे एकदा करून भागत नाही. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी करायचं, कारण लिखा ७ ते १० दिवसांत फुटतात आणि त्यातली पिल्लं अंडी घालायला लागण्याआधी काढावी लागतात. खानापूरच्या पावसात केस वाळता वाळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा न धुता खोबरेल चोपडून फणी फिरवा.

औषधांत सर्रास मिळतं ते परमेथ्रिन, १ टक्क्याचं. दुकानात ‘उवांचं’ म्हणा नाहीतर कन्नडमध्ये ‘हेनु’ म्हणा, बाटली पुढे येते. पण लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. कधी नुसता वनस्पतींचा शाम्पू हातात पडतो, कधी खरजेचं ५ टक्क्यांचं मलम. कंडिशनर न लावता केस धुवून टॉवेलनं टिपायचे, औषध लावून १० मिनिटं ठेवायचं आणि धुवून टाकायचं. जिवंत उवा मरतात, लिखा मात्र सगळ्या मरत नाहीत, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणणाऱ्या कित्येकींनी ही दुसरी खेप केलेलीच नसते. आता काही ठिकाणच्या उवांना हे औषध बाधत नाही, हेही खरं. लावून अर्धा दिवस उलटला आणि उवा पहिल्यासारख्याच पळताहेत असं दिसलं, तर तेच पुन्हा न थापता डॉक्टरांना विचारा. दोन महिन्यांखालच्या बाळाला तर लावूच नका.

माझं म्हणाल तर, पोर एक आणि घरात कुणी निवांत असेल तर फणी. पण निपाणीत दिवसभर विड्या वळून पाठ मोडलेल्या बाईला तीन पोरींची डोकी विंचरत बस म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं औषध आणावं. मात्र डोकी घरातल्या सगळ्यांची बघावीत आणि जिवंत ऊ सापडलेल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावावं. नाहीतर धाकटीकडून थोरलीकडे फेरा चालूच.

रॉकेल नको. कातडी भाजते, आणि जवळ चूल असली तर विचारूच नका. सीताफळाच्या बियांच्या पुडीवर आमच्या आजीचा फार भरवसा. ती पूड मावसबहिणीच्या डोळ्यात गेली आणि आठवडाभर तिला दिव्याकडे बघवेना. डोळ्याच्या बुबुळावरचा पडदाच सोलवटतो त्यानं.

अंथरुणं-गोधड्या उकळत बसायची गरज नाही. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, रिबिनी आणि फणी गरम पाण्यातून काढली की झालं. पोरीला शाळेतूनही घरी बसवू नका. खाज सुटेपर्यंत उवा होऊन बहुधा महिना उलटलेला असतो, एका दिवसानं काय फरक पडणार? उपचारानंतर मुळापासून बोटभर लांब दिसणाऱ्या पांढऱ्या लिखा म्हणजे रिकामी टरफलं. त्यांच्यासाठी नवी बाटली आणू नका.