‘डीएम फॉर प्राइस’: कोल्हापुरी चप्पल इन्स्टावरून मागवताना

कोल्हापुरी विकणारं इन्स्टाग्रामवरचं खातं उघडा, फोटोखाली हमखास ओळ असते: ‘डीएम फॉर प्राइस’. डीएम म्हणजे डायरेक्ट मेसेज, किंमत खासगीत विचारा. कोल्हापुरातल्या चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, दुकानदार भाव तोंडावर सांगतो, इथं एका आकड्यासाठी ताटकळायचं. किंमत झाकायला वापरलेला डीएम आम्हाला अजिबात पटत नाही. मापासाठी आणि माल पारखायला मात्र तो झकास आहे.

अनोळखी माणसाचा मेसेज बऱ्याचदा दुकानाच्या ‘रिक्वेस्ट’ या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतो. नुसतं ‘पीपी’, म्हणजे ‘प्राइस प्लीज’, टाकलं की तो तिथंच कुजतो. पहिल्याच मेसेजमध्ये कोणत्या प्रकारचा जोड, कापशी की कुरुंदवाडी, पायाचा नंबर, पिनकोड आणि ‘कुरिअर धरून किती?’ एवढं लिहा. आलेल्या भावाचा स्क्रीनशॉट लगेच घ्या, कारण पाठवणारा मेसेज ‘अनसेंड’ करू शकतो.

हाताने बनवलेल्या जोडात नंबर थोडाफार मागेपुढे होतोच, म्हणून पायाचा आराखडाच पाठवा. संध्याकाळी, दोन्ही पायांवर वजन देऊन कागदावर उभे राहा आणि दुसऱ्याला पेन्सिल सरळ उभी धरून कड काढायला सांगा. शेजारी पट्टी ठेवून फोटो बरोबर वरून काढा. तिरक्या फोटोत लांबी चुकते. पट्टा सुरुवातीला आवळत असेल तर चालेल, चामडं वापरून सैलावतं. लांबी वाढत नाही, टाच बाहेर आली ती बाहेरच राहणार.

मग तळाच्या कडेचा जवळून व्हिडिओ मागा. अस्सल जोडाचे थर चामड्याच्या वादीने शिवलेले असतात, खिळा नसतो. कड प्लास्टिकसारखी एकसारखी गुळगुळीत दिसली तर रेक्झिनचा संशय घ्या. ‘फक्त कोल्हापुरातलीच खरी’ या जाहिरातीला भुलू नका: 2019 मध्ये मिळालेल्या जीआयमध्ये, म्हणजे भौगोलिक मानांकनात, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा जोडही त्यात बसतो.

‘नो सीओडी’, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी नाही, असं वाचून लगेच फसवणूक समजू नका. घरपोच पैसे देऊ म्हणणाऱ्याने पार्सल नाकारलं की ते आरटीओ होतं, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन. एमएच-09 च्या पासिंगचं ऑफिस नव्हे. जाण्यायेण्याचा खर्च दुकानाच्या अंगावर पडतो. मध्यम मार्ग म्हणजे थोडी आगाऊ रक्कम, बाकीची पॅकिंगचा व्हिडिओ आल्यावर. यूपीआयने देताना पडद्यावर येणारं नाव दुकानाशी जुळतं का ते बघा. परताव्यासाठी पिन टाका किंवा क्यूआर स्कॅन करा असं समोरचा म्हणाला तर तिथंच थांबा. पैसे घ्यायला यातलं काहीच लागत नाही. अडकलात तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि पैसे गेलेच असतील तर आधी सायबरचा 1930.