बोल्टचं तोंड खाल्लंय: हेड बदलायचं, फेस मारायचा, बुश बसवायचा की वेल्डिंग?

जुन्या लष्करी रायफलीच्या बोल्टचं तोंड, म्हणजे काडतुसाच्या बुडाला टेकणारी त्याची पुढची बाजू, दोन तऱ्हांनी बिघडतं. एकतर ते सरसकट झिजतं आणि हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसासाठी उरणारी जागा, वाढतो. नाहीतर प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) फुटून किंवा त्याच्या कडेने गॅस गळून प्रायमरवर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या भोकाभोवती खड्ड्यांचं कडं पडतं. जुन्या क्लोरेट प्रायमरचं मीठ त्या खड्ड्यांत बसलं की ते ओल धरतं आणि गंज आणखी आत जातो. या दोन दोषांवर एकच उपाय चालत नाही, म्हणून आधी मोजमाप.

एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) आणि पिन काढा, तोंड सॉल्व्हंटने स्वच्छ करा आणि गेज लावून बोल्ट नुसत्या बोटाच्या जोराने बंद करा. थ्री-नॉट-थ्री (.३०३) काडतुसासाठी, म्हणजे ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलीसाठी, बाजारात मिळणारे गेज ०.०६४ (गो), ०.०६७ (नो-गो) आणि ०.०७० इंच (फील्ड) असे असतात. ब्रिटिश लष्कराची वरची मर्यादा मात्र ०.०७४ होती. त्यामुळे नो-गोवर बोल्ट बंद झाला एवढ्यावरून ली-एनफील्ड बाद ठरवू नये. तोंड गुळगुळीत असेल आणि हेडस्पेस ०.०६९ असेल, तर आमच्या मते काहीच करू नका. फार तर काडतुसं स्वतः भरताना पुंगळीची फक्त मान साइझ करा (मापात आणा), म्हणजे तिचं पितळ जास्त टिकेल. खड्ड्यांचं तसं नाही. प्रायमरच्या वर्तुळाबाहेरचे उथळ खड्डे सोडून द्यावेत. पण भोकाची कडच खाल्ली असेल, झाडलेल्या प्रायमरवर पिनच्या खुणेभोवती उंच कडा उठत असेल किंवा प्रायमर आरपार फुटत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत रायफल वापरू नये. तो गॅस बोल्टमधून मागे, नेमबाजाच्या तोंडाकडेच येतो.

पुढचा निर्णय लॉकिंग लग, म्हणजे बंद बोल्टला रिसीव्हरमध्ये (रायफलीच्या मुख्य सांगाड्यात) अडकवून धरणारे उंचवटे, कुठे आहेत यावर ठरतो.

ली-एनफील्डमध्ये लग बोल्टच्या मागच्या भागात आहेत आणि पुढचं हेड वेगळं, आट्यांवर फिरवून बसणारं आहे. म्हणून इथे हेड बदलणं हाच पहिला पर्याय. नंबर ४ रायफलीची हेड ०, १, २, ३ अशा क्रमांकांत मिळतात. क्रमांक जितका मोठा तितकं हेड लांब. पण नुसत्या क्रमांकावर विसंबू नका, वेगवेगळ्या कारखान्यांची मापं एकमेकांत मिसळतात. तोंडापासून मागच्या खांद्यापर्यंतची लांबी मायक्रोमीटरने घ्या. समजा जुनं हेड ०.६२८ आहे आणि हेडस्पेस ०.०६८ भरतो. ०.६३१ चं हेड लावलं की तो ०.०६५ वर येईल. हेड हाताने पूर्ण फिरवल्यावर त्याचा खांदा बोल्टच्या पुढच्या कडेला टेकलाच पाहिजे. तो टेकला नाही तर स्फोटाचा सगळा भार आट्यांवर पडतो. हेडचा कान रिसीव्हरच्या रुळात नीट धावतो का तेही पाहा. नंबर ४ मार्क १* मध्ये रुळाच्या खाचेजवळचा टवका उडालेला असेल, तर नवं हेडही तिथून उसळून बाहेर येतं, आणि तो दोष रिसीव्हरचा असतो. नंबर १, म्हणजे एसएमएलई, हिच्या हेडला असे क्रमांक नाहीत आणि नंबर ४ चं हेड तिला बसतही नाही. तिथे लांब हेड शोधून फेस मारून मापात आणावं लागतं.

फेस मारणं, म्हणजे लेथवर किंवा दगडावर तोंड सपाट करणं, स्वस्त वाटतं. पण इथे जे काढाल ते दोन ठिकाणी भरावं लागतं. तीन थाऊ (इंचाचे हजारावे भाग) काढले की हेडस्पेस तीन थाऊने वाढतो आणि पिनही तेवढीच जास्त बाहेर येते. ली-एनफील्डची पिन ०.०४० ते ०.०५० इंच बाहेर हवी. आधी ०.०४८ असेल तर आता ०.०५१ होईल, मग टोक कमी करून पुन्हा गोलाकार पॉलिश करावं लागेल. वरचा कडक थर पातळ असेल तर तोही निघून जातो. त्यामुळे एखाद-दुसऱ्या थाऊचा खरबरीतपणा काढण्यापुरताच हा उपाय ठेवा. खड्डे बुडापर्यंत घालवण्याच्या नादी लागू नका.

मॉसिन-नागांतचंही हेड सुटं असतं, पण दोन्ही लग त्या हेडवरच असतात. हेड बदललं की लगांवर निळा रंग लावून दोन्ही सारखे टेकतात का, हे पाहणं भाग आहे. पिनची लांबी मात्र कॉकिंग-पीसमध्ये (पिनच्या मागच्या टोकाच्या तुकड्यात) फिरवून जुळवता येते. रायफलीबरोबरच्या अवजारावरच्या ७५ आणि ९५ च्या खाचा त्यासाठीच आहेत.

माउझर ९८ चा बोल्ट अखंड, लग तोंडालगत, पोलाद आतून मऊ आणि वरून कार्बन देऊन कडक केलेलं. इथे बुश, म्हणजे खाल्लेल्या भोकात बसवायची नवी पोलादी नळी, खरा उपयोगी पडतो. बोल्ट लेथमध्ये अगदी मध्यात धरायचा, पिनचं भोक ठरावीक खोलीपर्यंतच रुंद करायचं, आरपार नाही, म्हणजे बुश मागच्या खांद्यावर टेकून राहतो. मग मिश्रधातू पोलादाचा आट्यांचा बुश बसवून तोंडाशी सपाट करायचा आणि नव्या भोकाला जुळेल अशी पिन करायची. भोक मध्यापासून सरकलं तर पिन प्रायमरवर तिरकी बसते. ज्याला मूळ क्रमांकाचा बोल्ट राखायचा आहे त्याने हाच मार्ग घ्यावा. नाहीतर दुसरा बोल्ट आणून हेडस्पेस तपासणं सोपं.

टिग वेल्डिंगने (विजेच्या ज्योतीने धातू वितळवून) तोंड भरून पुन्हा मशीन करणं शक्य आहे, पण आम्ही ते सुचवणार नाही. माउझर आणि मॉसिनमध्ये ती उष्णता थेट लगांत जाते, आणि मऊ पडलेला लग दिसायला पूर्वीसारखाच दिसतो. ली-एनफील्डमध्ये लग वाचतात, पण तोंडाचा कडकपणा जातो आणि आटे वाकडे होऊ शकतात. जिथे सुटं हेड मिळतं तिथे एवढा खटाटोप कशाला?

भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे, आणि शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे हे काम इथे घरी करण्यासारखं नाही. ब्रिटनमध्ये वेल्डिंग किंवा बुश केल्यावर बंदूक लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमधून (बंदुकांची ताकद तपासणाऱ्या अधिकृत केंद्रातून) पुन्हा तपासून घ्या.

उपाय कोणताही केला तरी पहिली गोळी खांद्यावरून झाडू नका. रायफल बांधून, लांबून दोरीने झाडा. नंतर पितळ पाहा: प्रायमरची कड सपाट हवी, पिनची खूण मध्यात हवी. वाकवलेल्या तारेने पुंगळीच्या आत बुडाजवळ चाचपा. तार खाचेत अडकली तर पितळ तिथे ताणलं गेलंय. गेज पुन्हा लावा.