मूत्रवाहिनीचा कॅन्सर: किडनी वाचवायची की काढायची?

डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितले की मन किडनी वाचवण्याकडेच झुकतं. पण आधी गाठीची प्रत, म्हणजे ती किती आक्रमक आहे, ते बघा.

कॅन्सरवर पकड: मोठ्या शस्त्रक्रियेत किडनी, संपूर्ण मूत्रवाहिनी (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी) आणि ती मूत्राशयाला जोडलेली असते तिथला भाग काढतात. दुर्बिणीतून लेझरने गाठ जाळली, तर त्याच बाजूला ती पुन्हा उगवण्याची शक्यता बरीच राहते. गाठ मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला असेल तर तेवढाच भाग कापून उरलेली नळी मूत्राशयाला जोडता येते. हा मधला मार्ग जरूर विचारा.

किडनीचं काम: इथे वाचवणं सरस. एक किडनी गेल्यावर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढू शकतं, मग सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देणं अवघड होतं. म्हणून गरज असल्यास केमो ऑपरेशनआधी देण्याचा विचार होतो.

पाठपुरावा: मूत्राशयाची दुर्बीण तपासणी दोन्हींत अटळ. किडनी ठेवली तर वर मूत्रवाहिनी आणि किडनीपर्यंतची दुर्बीण तपासणीही वारंवार, वर्षानुवर्षं.

एकच, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, कमी आक्रमक आणि सीटीवर खोल न शिरलेली गाठ असेल आणि तपासण्या चुकवणार नसाल, तर किडनी वाचवा. एकच किडनी असलेल्यांसाठीही हाच विचार आधी. आक्रमक गाठ आणि दुसरी किडनी धडधाकट असेल, तर काढणंच सुरक्षित.