घरगुती राहण्याची व जेवणाची सोय, आणि आमच्या शेवंतीचीपण

दापोलीहून मुरुडला खाली उतरलं की कर्द्याकडे जाणाऱ्या रस्त्याला समुद्राच्या अंगाला नारळी-पोफळीच्या आगरात एक कौलारू घर आहे. घराला नाव नाही, मोठा बोर्ड नाही, फाटकाला नुसता एक पत्रा लावलाय, ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’, बस. तिथे आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी तीन रात्री राहून आलो, मी, नवरा, नऊ वर्षांचा लेक आणि शेवंती. शेवंती म्हणजे आमची सहा वर्षांची देशी कुत्री, सोसायटीच्या पार्किंगमधे सापडलेली, चोवीस किलो वजन, स्वभावाने भित्री. हा रिव्ह्यू खरं तर तिच्यासाठी लिहितेय, कारण कुत्रं घेऊन कोकणात जायचं म्हटलं की काय काय ऐकून घ्यावं लागतं ते ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनाच माहीत.

मागच्या वर्षीचं आधी सांगते. दुसऱ्या एका किनाऱ्यावर एक रिसॉर्ट बुक केलं होतं (नाव लिहीत नाही), जाहिरातीत पेट फ्रेंडली लिहिलेलं, ॲडव्हान्स भरलेला. सहा तास गाडी चालवून पोचलो तर म्हणाले कुत्रा रूममधे चालणार नाही, मागे जनरेटरजवळ पिंजरा आहे त्यात ठेवा. शेवंती रात्रभर थरथरत होती, मी आणि नवरा आळीपाळीने तिच्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिलो आणि सकाळी उजाडताच निघून आलो. तेव्हापासून ठरवलंय की पेट फ्रेंडली हा शब्द ऐकायचाच नाही, फोन करायचा आणि समोरचा माणूस काय विचारतो ते ऐकायचं.

या घरी फोन केला तेव्हा काकूंनी उचलला. मी सांगितलं कुत्री आहे सोबत, चालेल का, तर पलीकडून पहिला प्रश्न, "तिला खायला काय लागतं?" मी म्हटलं भात-अंडं खाते, बाकी तिचं सुकं खाणं आम्ही आणतो. "मग तिचा भात मीठ घालायच्या आधीच वेगळा काढून ठेवत जाईन. कांदा-लसूण चालत नाही ना त्यांना? आमच्याकडे आधी होता एक, पंधरा वर्षं जगला." मी तिथेच बुकिंग करून टाकलं, खोलीचे फोटोसुद्धा मागितले नाहीत.

प्रवासाबद्दल थोडंसं. पुण्याहून ताम्हिणी घाटातून उतरलो आणि पुढे खेडवरून दापोली. शेवंतीला घाटात गाडी लागते म्हणून निघायच्या तीन तास आधीपासून काही दिलं नव्हतं, फक्त पाणी. मागच्या सीटवर हार्नेस बेल्टला अडकवलेला, खिडकी थोडीशी उघडी, दर दीड-दोन तासांनी खाली उतरवून पाय मोकळे. उलटी झाली नाही. लाळ मात्र भरपूर गळली, जुनी चादर टाकली होती म्हणून सीट वाचली.

आता खोली. दोन खोल्या भाड्याने देतात, पुढची आणि मागची, कुत्रं असेल तर मागचीच मागा कारण तिला स्वतःची छोटी पडवी आहे आणि दार सरळ आगरात उघडतं. फरशी खडबडीत लाल कोब्याची आहे, गुळगुळीत टाइल्स नाहीत. हे मुद्दाम लिहितेय कारण चकचकीत फरशीवर शेवंतीचे मागचे पाय घसरतात आणि मोठ्या वयाच्या कुत्र्यांना तर त्याचा फारच त्रास होतो, इथे ती पहिल्या मिनिटापासून नीट चालत होती. भाडं आमच्याकडून रात्रीचे 2800 घेतले, जेवण वेगळं, शेवंतीचे काहीच घेतले नाहीत, आम्हीच शेवटी आग्रह करून तिच्या भाताचे पैसे दिले. गरम पाणी बंबाचं, सकाळी सात ते नऊच मिळतं. लाईट दोनदा गेली, इन्व्हर्टरवर फक्त एक पंखा आणि एक बल्ब चालतो, फेब्रुवारीत चालून गेलं पण एप्रिल-मे मधे दमट उकाड्यात जड जाईल असं वाटतं. नेटवर्क पडवीच्या एका कोपऱ्यातच येतं.

एक गोष्ट मला खरंच खटकली. आगराच्या कडेचा जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, एका ठिकाणी ढासळलाय, कुत्रं सहज निघून जाईल एवढं भगदाड आहे आणि पलीकडे लगेच रस्ता. शेवंती लांब जात नाही तरी आम्ही तीन दिवस तिला पट्ट्याशिवाय सोडलं नाही. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि आणखी एक गोष्ट सांगितली जी मला माहीतच नव्हती, की गडग्याच्या दगडांत फुरसं असतं, विषारी साप, छोटासा, मातीच्या रंगाचा, दिसत नाही, तेव्हा अंधार पडल्यावर तिला दगडांत नाक घालू देऊ नका आणि टॉर्च घेतल्याशिवाय फिरू नका. रत्नागिरी जिल्ह्यात हे सगळ्यांना माहीत असतं, आपल्याला पुण्यात कोण सांगणार. तसंच पोफळीखाली पडलेल्या सुपाऱ्या. शेवंतीला काहीही चघळायची सवय आहे, काका म्हणाले सुपारी खाल्ली तर उलट्या-जुलाब होतील. त्यांनी स्वतः पडवीसमोरच्या सगळ्या सुपाऱ्या टोपलीत गोळा केल्या, रोज सकाळी, न सांगता.

समुद्र घराच्या मागून पाच मिनिटांवर. आगरातून पायवाट, मग सुरूचं बन, मग एकदम पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. शेवंतीने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. लाट पुढे आली की ती मागे, लाट मागे गेली की ही चार पावलं पुढे येऊन ओल्या वाळूचा वास घेणार, मग परत लाट आली की माझ्या पायांमधे. असं पंधरा-वीस मिनिटं चाललं. मग एका लाटेने तिचे चारही पाय भिजले आणि ती जागेवरच उभी राहिली, मान वर करून, कान मागे, पायाखालची वाळू सरकतेय ते तिला कळत होतं आणि ती एकेक पंजा उचलून परत ठेवत होती. त्यानंतर पळायला लागली ती थांबेचना. दहा मीटरची लांब दोरी नेली होती, तिचा खरा उपयोग इथे झाला.

भरती-ओहोटीचं गणित काकांनी शिकवलं आणि हे प्रत्येक कुत्रंवाल्याने लिहून ठेवावं. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चारचे तीन, म्हणजे तीनला भरती, अष्टमीला सहाला. आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या (तिथी पंधरा धरायची) आसपास भरती दुपारी अकरा-बाराला आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ, नेमकी ऊन नसताना किनारा भरपूर रुंद आणि घट्ट मिळतो. अष्टमीच्या आसपास गेलात तर उलटं, थंड वेळेला पाणी वरपर्यंत आणि मोकळा किनारा मिळणार तो भर दुपारी, जेव्हा वाळू तापलेली असते. हाताचा पालथा पंजा पाच सेकंद वाळूवर ठेवून बघायचा, आपल्याला सोसत नसेल तर त्यांच्या पंज्यालाही सोसत नाही. आम्ही नशिबाने माघी पौर्णिमेला गेलो होतो, साडेसहाला किनाऱ्यावर गेलं की अख्खी पुळण आमचीच.

पण नऊनंतर आणि संध्याकाळी, विशेषतः शनिवार-रविवारी, कर्द्याच्या बाजूला जाऊ नका. लोक सरळ गाड्या वाळूत घालतात, गोल गोल फिरवतात. आमच्यापासून जेमतेम दहा फुटांवरून एक गाडी गेली, शेवंती घाबरून पट्ट्यातून निसटायला बघत होती आणि लेक रडायला लागला. मला याचा मनापासून राग आहे. किनारा ही गाडी पळवायची जागा नाही, तिथे लहान मुलं वाळूत बसलेली असतात. त्यानंतर आम्ही मुरुडच्या टोकाकडेच गेलो. किनाऱ्यावरची गावठी कुत्री मात्र वाटली तशी त्रासदायक नव्हती, चार-पाच जणांचा घोळका येतो, लांबून वास घेतो, आपण न थांबता चालत राहिलं की जातो. शेवंतीचं रेबीजचं इंजेक्शन आणि गोचिडांचं औषध निघायच्या आधी दिलेलं होतं, ते देऊनच जा, कारण गुरं सगळीकडे चरतात आणि गोचिडी भरपूर आहेत. आम्हाला दोन सापडल्या, कानामागे. जनावरांच्या डॉक्टरसाठी दापोलीलाच जावं लागतं, अर्धा तास धरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती, कोळ्यांनी मासळी टोपल्यांत भरून नेली आणि नको ते वाळूत राहिलं होतं. शेवंतीने वाळूतून काहीतरी उचललं. काका आमच्या मागून येत होते, ते एकदम ओरडले, "केंड आहे ते, काढा तोंडातून!" मी दोन्ही जबडे धरून ओढलं. हातात आला तो वीतभर मासा, पोट फुगून चेंडूसारखं टणक झालेलं, त्यावर बारीक खरखरीत काटे, आणि तोंडात पोपटाच्या चोचीसारखे दात. केंडाचं विष माणसालाही मारतं, शिजवलं तरी जात नाही, कोळी तो जाळ्यातून काढून फेकतात तो याचसाठी. काकांनी बाटलीतलं सगळं पाणी तिच्या तोंडातून बाहेर वाहील असं ओतायला लावलं, डोकं खाली धरून, मग तो मासा नारळाच्या झावळीने ढकलून वाळूत खोल पुरला. नशिबाने तिने चावला नव्हता. पुढचे चार-पाच तास आम्ही तिच्यासमोर बसून होतो, लाळ जास्त गळतेय का, पाय लटपटतायत का बघत, गाडीची किल्ली काकांनी स्वतःच्या खिशात ठेवली होती, लागलंच तर मी येतो, रस्ता मला माहितीये म्हणून. काही झालं नाही. पण रापणीच्या जागेजवळ पट्टा आखूडच धरायचा, हे मी आता प्रत्येकाला सांगतेय. आणि गोडं पाणी भरपूर न्यायचं, नाहीतर ही मंडळी समुद्राचं पितात आणि मग उलट्या होतात.

परत आल्यावर धुण्याची सोय इतकी छान मी कुठेच पाहिली नाही. मागच्या फाटकाशीच विहिरीच्या पाण्याचा नळ, खाली कातळाचा दगड, शेजारी दोरीवर काकूंनी खास तिच्यासाठी काढून ठेवलेलं जुनं मऊ लुगडं. बोटांच्या बेचक्यातली वाळू काढायची, कान कोरडे करायचे, खारं पाणी अंगावर राहिलं तर खाज सुटते. काकू शेजारी उभ्या राहून तिच्याशी बोलायच्या, "झाली का आंघोळ शेवंतीबाई, चला, भात निवलाय." घरातल्या पितळीतच भात, वर कुस्करलेलं अंडं, एक दिवस लाल भोपळा. आमच्या जेवणाबद्दल काय लिहू, घावणे, कुळथाचं पिठलं, बांगड्याचं तिखलं, सोलकढी, सगळं चांगलं, बांगडा तर मी दोनदा मागितला.

तिसऱ्या दिवशी आंजर्ल्याला कासवं बघायला गेलो, शेवंतीला न घेता. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडलेच्या माद्या या किनाऱ्यांवर अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास, आणि कुत्री ती उकरून खातात, म्हणून तर अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत ठेवावी लागतात. वेळासला 2002 पासून हे काम चाललंय, आंजर्ल्यालाही होतं. त्या किनाऱ्यांवर या महिन्यांत आपलं कुत्रं नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, पट्टा असला तरी. सकाळी टोपलीखालून पिल्लं निघाली, तळहाताएवढीसुद्धा नाहीत, आणि पाण्याकडे चालत गेली, लेक श्वास रोखून बघत होता. शेवंती तेवढा वेळ काकूंकडे होती. परत आलो तर ही ओटीवर त्यांच्या पायाशी झोपलेली आणि त्या तांदूळ निवडत बसलेल्या. भित्री कुत्री आहे ही, माझ्या सख्ख्या बहिणीकडे एक तास राहत नाही.

आणि सारवलेलं अंगण. दुपारी तिने शेणाने सारवलेल्या गार अंगणात कोपऱ्यात खणून स्वतःपुरता खड्डा केला आणि त्यात गुंडाळी करून पडली. मला इतकी लाज वाटली, मी माफी मागायला गेले, तर काकू म्हणाल्या, "अगो, आमचा पण तिथेच खणायचा. तीच जागा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगण परत सारवलं आणि तो कोपरा तसाच ठेवला.

पावसाळ्यात ते खोल्या देत नाहीत, फोन संध्याकाळी सातनंतरच करावा, दुपारी उचलत नाहीत. मोठी घाबरट किंवा खूप भुंकणारी कुत्री असतील तर आधी सांगा, त्यांची एक मांजर आहे, पिल्लं झाली होती. आम्ही त्रिपुरी पौर्णिमेचं आत्ताच बोलून ठेवलंय, मागचीच खोली, आणि त्या गडग्याच्या भगदाडाला तोवर झापं बांधून घेतो असं काकांनी स्वतःहून सांगितलंय.