लोगोची बाटली की कापडी पिशवी?

दिवाळीला डीलरांना काय द्यावं, नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदार मित्राचं ठरेना: स्टीलची बाटली की कॅनव्हासची पिशवी?

खर्चात पिशवी सरळ जिंकते. टिकण्यात बाटली पुढे, पण ३०४ दर्जाचं, सहसा न गंजणारं स्टील आणि लेझरने कोरलेलं नाव असेल तरच. छापलेला रंग घासणीने उडतो. झाकणाची रबरी रिंग सैल निघाली तर बॅगेतली कागदपत्रं भिजतात, मग तुमचं नाव नक्की लक्षात राहतं!

पिशवीचं सगळं शिवणीवर. धरायचे बंद दुहेरी टाक्यांचे हवेत, म्हणजे ती बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाघाटावर, कांदे-मेथी भरून फिरते. लोगो मात्र कोपऱ्यात, लहान. पिशवीभर जाहिरात असली की ती माळ्यावर जाते.

मोजके, जुने डीलर असतील तर बाटली द्या. प्रदर्शनात शेकड्याने वाटायचं असेल तर पिशवीच.