यशवंतराव होळकरांच्या मागावर: महेश्वर की भानपुरा?

दिवाळी आटोपली की आमच्या इंदूरच्या घरी पुण्याकडचे पाहुणे उतरतात. राजवाडा, लालबाग आणि सराफ्यातली एक रात्र एवढे उरकले की तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना ठरलेला प्रश्न येतो: आता बाहेरगावी कुठे जायचे? आजवर या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर होते, ते म्हणजे महेश्वर. गेल्या खेपेस मात्र आतेभावाच्या मुलाने पंचाईत केली. त्याने यशवंतराव होळकरांविषयी बरेच वाचले होते आणि त्याला "होळकरांचे काहीतरी" नको होते, यशवंतरावांचेच हवे होते. हाताशी दोन दिवस, एक भाड्याची गाडी आणि सोबत त्याची आजी, म्हणजे माझी आत्या, जिचे गुडघे दहा पायऱ्यांनंतर तक्रार करू लागतात.

अशा पाहुण्यासमोर इंदूरहून दोन वाटा आहेत. दक्षिणेला विंध्याचा घाट उतरून नर्मदेकाठी महेश्वर, अंतर सुमारे ९० किलोमीटर. उत्तरेला उज्जैन आणि गरोठवरून चंबळेच्या खोऱ्यात भानपुरा, अंतर वाट कोणती धराल त्याप्रमाणे सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर. पहिल्या गावी यशवंतराव गादीवर आले, दुसऱ्या गावी ते वारले. या दोन्ही वाटा मी एकाहून अधिक वेळा केल्या आहेत आणि निवड करणाऱ्याची गल्लत कुठे होते हे मला आता ठाऊक झाले आहे.

पहिली गल्लत इंदूरच्याच बाबतीत होते. राजवाड्यासमोर उभे राहून लोक यशवंतरावांची कल्पना करतात, पण त्यांच्या हयातीत इंदूर ही राजधानी नव्हतीच. १८०१ मध्ये दौलतराव शिंद्यांचा सरदार सर्जेराव घाटगे याने हे शहर लुटले आणि राजवाड्याला आग लावली. इंदूर राजधानी झाले ते १८१८ मध्ये, इंग्रजांशी झालेल्या मंदसोरच्या तहानंतर, आणि तोवर यशवंतरावांना जाऊन सात वर्षे उलटली होती. म्हणून ज्याला केवळ त्यांचा माग काढायचा आहे त्याने राजवाड्यात तासाभरापेक्षा अधिक वेळ घालवू नये. तोच वेळ शहरातल्या केंद्रीय संग्रहालयाला द्यावा, त्याचे कारण पुढे येईलच.

त्यांचे आयुष्य थोडक्यात समोर ठेवले तर गावांची निवड सोपी होते. १७७६ मध्ये खेड तालुक्यातल्या वाफगावी जन्म. पाहुणे पुण्याचेच असतील तर तिथला भुईकोट त्यांनी येण्याआधी घरच्या घरी पाहून घ्यावा. १७९७ मध्ये वडील तुकोजीराव गेले आणि पाठोपाठ महिनाभरात भाऊ मल्हारराव पुण्यात शिंद्यांच्या फौजेकडून मारले गेले. यशवंतराव निसटून नागपूरला गेले, तिथे भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकले, तिथूनही ते सुटले आणि १७९९ च्या आरंभी होळकरांच्या गादीचे धनी झाले. १८०१ मध्ये दुसरे भाऊ विठोजी यांना पेशव्यांनी पुण्यात हत्तीच्या पायी दिले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, हडपसरच्या लढाईत यशवंतरावांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला, बाजीराव वसईकडे पळाले आणि इंग्रजांशी तह करून बसले. पुढे १८०४ आणि १८०५ ही वर्षे इंग्रजांशी लढण्यात गेली. डिसेंबर १८०५ मध्ये बियास नदीकाठी राजघाटचा तह झाला, आणि उरलेली वर्षे त्यांनी भानपुऱ्यात तोफा ओतण्याच्या कारखान्यापाशी काढली. १८११ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, ते तिथेच वारले. म्हणजे ज्या आयुष्यातला बहुतेक काळ घोड्यावर गेला, त्याला चिकटून राहिलेली गावे मुळात दोनच.

आता महेश्वर. सोय या एकाच गोष्टीवर निवड करायची असेल तर इथे चर्चाच संपते. सकाळी सातला निघालात तर न्याहारीनंतरच्या दर्शनाला घाटावर असता, जेवण आणि मुक्काम दोन्ही प्रत्येक खिशाला परवडेल असे मिळतात आणि संध्याकाळी होडीतून किल्ल्याचा तट पाहताना म्हातारी माणसे आणि मुले सारखीच खूश असतात. जाताना धामनोदचा हमरस्ता न धरता महूवरून जाम दरवाज्याची वाट धरावी. अहिल्याबाईंच्या काळातल्या त्या दरवाज्याच्या गच्चीवरून विंध्याचा कडा तुटून निमाड खाली पसरलेला दिसतो, आणि होळकरांनी नर्मदेचा काठ का निवडला हे कोणी सांगावे लागत नाही. वाड्यात सकाळी मातीची बारीक बारीक शिवलिंगे वळून त्यांची पूजा होते आणि ती नर्मदेत सोडली जातात. अहिल्याबाईंच्या वेळेपासूनचा हा लिंगार्चनाचा विधी पाहायचा असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जावे. माग चालू असलेल्या गल्लीतून जाताना धोट्याचा खटखट आवाज आधी येतो आणि मग उंबऱ्याआत ताणलेला ताणा दिसतो. साडी घ्यायची असेल तर इथे, विणणाऱ्याच्या दारातच घ्यावी, हा माझा सल्ला या लेखाच्या विषयाबाहेरचा असला तरी घरात उपयोगी पडतो.

पण या सगळ्यात यशवंतराव कुठे आहेत? खरे सांगायचे तर फारसे नाहीत. महेश्वरचे मोठेपण अहिल्याबाईंचे आहे आणि ते इतके भरभरून आहे की दुसऱ्या कोणाला तिथे जागा उरत नाही. वाटाड्ये त्यांचीच गोष्ट सांगतात, पुतळा त्यांचाच, गादी त्यांचीच. यशवंतरावांशी जोडलेली एकच वास्तू तिथे डोळ्यांत भरते आणि बहुतेक लोक तिला ओलांडून पुढे जातात. घाटाच्या पायऱ्या चढून आत आल्यावर अहिल्येश्वर मंदिराच्या समोरच्या अंगाला जी छत्री आहे ती विठोजींची. मी आतेभावाच्या मुलाला ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा एक कुटुंब तिच्या ओट्यावर डबा उघडून बसले होते आणि लहान मुलगी खांबाला धरून गोल गोल फिरत होती. पुण्यात हत्तीच्या पायी गेलेल्या माणसाची स्मृती नर्मदेकाठी आहे, आणि त्याच मरणाचा सूड म्हणून हडपसर घडले असे मानले जाते, हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या छत्रीपाशी अर्धा तास पुरत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला ती घाटावरची आणखी एक छत्री.

भानपुऱ्याची वाट उलट स्वभावाची आहे. तिथे सोयी थोड्या, अंतर दुपटीहून जास्त, आणि जे पाहायचे ते जवळपास सगळे यशवंतरावांचेच किंवा त्यांच्या काळाला लागून असलेले. उज्जैन सोडल्यावर थोडी वाकडी वाट करायची तयारी असेल तर क्षिप्रेकाठचे महिदपूर लागते. २१ डिसेंबर १८१७ ची होळकर आणि इंग्रज यांच्यातली लढाई इथली. आदल्या दिवशीच यशवंतरावांमागे कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच छावणीतल्या लोकांनी ठार केले होते आणि गादीवर होता तो यशवंतरावांचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा मल्हारराव. नदीकाठचा पडका किल्ला सोडला तर पाहायला तिथे फार काही नाही, त्यामुळे गाडीत म्हातारे माणूस असेल तर महिदपूर खुशाल गाळावे.

भानपुऱ्यातली छत्री मात्र कोणत्याही कारणाने गाळू नये. तिला छत्री म्हणणेही कमी पडते, कारण एखाद्या गढीसारखा उंच दगडी तट, त्यात भक्कम दरवाजा आणि आत मोकळ्या चौकात समाधी अशी तिची मांडणी आहे. इंदूरच्या कृष्णपुऱ्यातल्या छत्र्यांची नक्षी डोळ्यांसमोर ठेवून आलेल्याचा इथे प्रथम विरस होतो. दगड जाड, कोरीव काम बेताचे, सगळा भर बळकटीवर. मला ती याच कारणासाठी आवडते, कारण जो माणूस शेवटची शुद्ध हरपेपर्यंत तोफांच्या भट्टीपाशी उभा असे, त्याला हा तट शोभतो. आत्या चौकातल्या सावलीत भिंतीला टेकून बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. नंतर एवढेच म्हणाली, "इतक्या लांब कोण येत असेल रे याला हात जोडायला?" त्या दुपारी आम्हाखेरीज शाळेतून परतणारी तीन मुले आणि एक रखवालदार एवढेच लोक तिथे होते.

या आवारातच संग्रहालय आहे आणि त्यात हिंगलाजगडावरची परमारकालीन शिल्पे ठेवली आहेत. त्याच गडावरची आणखी उत्तम शिल्पे इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयात आहेत, म्हणूनच ते आधी पाहून निघावे असे मी वर म्हटले. हिंगलाजगड भानपुऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, दाट झाडीत. परमारांनंतर तो चंद्रावत राजपुतांकडे होता आणि पुढे होळकरांकडे आला. पाटणपोळ, सूरजपोळ अशा नावांचे दरवाजे, तटाखाली खोल दरी आणि आत हिंगलाज मातेचे देऊळ. इथे आमचा एक तास वाया गेला. जंगलातल्या फाट्यावर मोबाइलला रेंज नव्हती, चालकाने आत्मविश्वासाने उजवीकडे गाडी घातली आणि आम्ही गडाऐवजी एका संत्र्याच्या बागेच्या कुंपणाशी जाऊन थांबलो. बागवानाने वाट सांगितली, वर चार संत्रीही दिली, पण परतेपर्यंत संग्रहालय बंद झाले होते आणि ते पाहायला दुसरा दिवस उजाडावा लागला. तेव्हा क्रम असा ठेवावा: पहिल्या दिवशी दुपारी छत्री आणि संग्रहालय, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गड. गडावर चालणे बरेच आहे आणि पायाखाली सुटे दगड आहेत. आत्या गाडीतच थांबली, त्यात शहाणपण होते.

मुक्कामासाठी भानपुऱ्याऐवजी गांधीसागर बरे, कारण चंबळेवरच्या धरणाच्या जलाशयाकाठी पर्यटन महामंडळाची व्यवस्था आहे. आसपासच्या अभयारण्यात चतुर्भुज नाल्याची चित्रित शैलाश्रये आहेत आणि २०२५ मध्ये तिथे कुनोहून चित्ते आणून सोडले आहेत, त्यामुळे ज्या मुलांना इतिहासाचा कंटाळा येतो त्यांचीही सोय होते. शामगढजवळचे धर्मराजेश्वर, एकाच खडकातून कोरलेले मंदिर, परतीच्या वाटेवर घेता येते. वेरूळ पाहिलेल्या मराठी माणसाने तर ते घ्यावेच.

ऋतूचा हिशेब दोन्हीकडे वेगळा पडतो. महेश्वर पावसाळ्यातही मनात भरते, फक्त नर्मदा चढली की खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि होडी बंद असते. मे महिन्यात मात्र दुपारी घाटाचा दगड इतका तापतो की चपला काढून देवळापर्यंत जाणे ही शिक्षा होते. भानपुऱ्याला मे नकोच, आणि भर पावसात गडाची वाट नको. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस खरे, त्यातही फेब्रुवारीत मंदसोरच्या बाजूने गेलात तर दोन्हीकडे अफूची पांढरी फुले फुललेली असतात.

एकच दिवस असेल, किंवा गाडीत सत्तरीपुढचे माणूस आणि दहा वर्षांखालचे मूल दोन्ही असतील, तर मी बिनदिक्कत महेश्वर सांगतो आणि विठोजींच्या छत्रीपाशी थांबायला बजावतो. दोन दिवस असतील आणि पाहुण्याने यशवंतरावांचे नाव स्वतःहून काढले असेल तर मी त्याला महेश्वरला नेत नाही. दोन दिवसांत दोन्ही ठिकाणे कोंबण्याचा हट्ट काही जण धरतात. तसे केल्यास तेरा-चौदा तास गाडीत जातात आणि दोन्हीकडे धावतपळत फोटो काढण्यापलीकडे काही होत नाही. तीन दिवस मिळत असतील तर आधी महेश्वर करावे आणि मग भानपुरा, कारण विठोजींची छत्री पाहिल्यावर भानपुऱ्याचा तट वेगळा दिसतो.

ज्यांना तिथून पुढे दिल्लीकडे जायचे आहे त्यांनी इंदूरला परत न येता भानपुऱ्याजवळच्या भवानी मंडीला गाडी पकडावी. मुंबई-दिल्ली मार्गावरचे हे स्थानक अर्धे मध्य प्रदेशात आणि अर्धे राजस्थानात आहे. रामगंज मंडी सोडल्यावर कोट्याच्या आधी रूळ मुकुंदऱ्याच्या डोंगरातून, दरा नावाच्या खिंडीतून जातात. १८०४ च्या जुलैमध्ये यशवंतरावांच्या घोडदळामुळे इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनने याच खिंडीतून माघार घेतली आणि ऑगस्टअखेरीस आग्र्याला पोचेपर्यंत त्याच्या तोफा आणि बरीचशी फौज वाटेतल्या चिखलात व पुराच्या पाण्यात गेली होती. आमच्या पोराने दिवसाची गाडी मुद्दाम निवडली आणि खिडकीची जागा मागून घेतली. खिंड लागली तेव्हा त्याने मला फोन केला, पण डोंगरात आवाज तुटत होता आणि त्यातून मला "काका, दरा..." एवढेच ऐकू आले.