मानेतली शीर दबल्याचा संशय: गोव्यात सीटी व्हेनोग्राम करून घेताना

ज्युग्युलर शीर (डोक्यातलं रक्त हृदयाकडे परत नेणारी मानेतली मोठी शीर) दबलीय का हे शोधणारी सीटी व्हेनोग्राम, म्हणजे शिरांचा सीटी स्कॅन, ही तपासणी चांगली आहे, पण तिचा निकाल मशीनपेक्षा डॉक्टरच्या चिठ्ठीवर ठरतो. चिठ्ठीवर नुसतं 'सीटी अँजिओ' असलं की चित्रं धमन्या भरलेल्या असतानाच घेतली जातात. शिरांत कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचलेलं औषध) नीट पोचलेलंच नसतं, तरी रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि पेशंटचा शोध तिथेच थांबतो. हा या सेवेचा सगळ्यात मोठा दोष.

म्हणून चिठ्ठीवर 'डोकं व मान, सीटी व्हेनोग्राम' हे शब्द मागून घ्या. कॉन्ट्रास्ट सोडल्यावर साधारण 40-45 सेकंदांनी चित्रं आणि 1 मिमी किंवा त्याहून पातळ काप हवेत. सोबत प्रश्नही लिहिलेला हवा: कानाखालचं सुईसारखं स्टायलॉइड हाड आणि मानेच्या पहिल्या मणक्याचा आडवा फाटा यांच्यात शीर चेपते का, आणि स्टायलॉइड किती लांब आहे? 3 सेंमीच्या वर लांबी गेली की ते लांबलेलं धरतात. मान वळवल्यावरच त्रास होत असेल तर तशा स्थितीतली चित्रं निघतात का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. त्यासाठी किरणांचा डोस वाढतो, त्यामुळे ती सरसकट काढत नाहीत.

जाताना क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट न्या. किडनीचा त्रास, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, आधी कॉन्ट्रास्टची आलेली रिअ‍ॅक्शन आधीच सांगा. येताना फिल्मवर समाधान मानू नका, सीडी घ्या. फिल्मवर निवडक कापच असतात.

डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) स्वस्त पडतो, पण जबड्यामागचा वरचा भाग त्यात दिसत नाही आणि दाब बहुधा तिथेच असतो.

रिपोर्टमध्ये 'शीर अरुंद' दिसलं म्हणून लगेच घाबरू नये. धडधाकट माणसांतही एका बाजूची शीर अशी दिसते. कानात नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज, आडवं पडल्यावर वाढणारं डोकं जड होणं, धूसर दिसणं अशी लक्षणं जुळली तरच पुढे जावं. डोळ्याचा पडदा मात्र लगेच तपासून घ्या. नजर अचानक मंदावली तर थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या (गोमेकॉ) कॅज्युअल्टीत जा.

पुढची पायरी म्हणजे शिरेत कॅथेटर (बारीक नळी) घालून अरुंद जागेच्या वर-खाली दाब मोजणं. तो फरक न मोजता कोणी नुसता स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी) सुचवला तर दुसरं मत घ्याच: दोन हाडांच्या चिमट्यात स्टेंट दबून निकामी होऊ शकतो, कारण हाड तिथेच राहतं. हाड काढायच्या शस्त्रक्रियेत चेहऱ्याच्या आणि खांद्याच्या मज्जातंतूला (नर्व्ह) धोका असतो. तेव्हा नेमकी हीच शस्त्रक्रिया किती वेळा केली, हे सर्जनला मोकळेपणी विचारा. गरज पडली तर मुंबई गाठा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला 2.5 लाख, त्याहून मोठ्याला 4 लाख देतं, पण ठरलेल्या यादीतल्या उपचारांनाच. शस्त्रक्रियेचं नेमकं नाव घेऊन काउंटरवर ते आधी तपासून घ्या.